सापाला दूध पिताना पाहणारे आजोबा खोटे बोलत नाहीत

वाचक विचारतात

श्रावणातील अंकात या सदरात एक छोटी टीप दिली होती. साप दूध पीत नाही, तो डूख धरत नाही, आणि तो ठार बहिरा असल्यामुळे पुंगीच्या सुरावर डोलत नाही, अशी तीनच विधाने तिच्यात होती. जागा कमी असल्यामुळे कारणे दिली नव्हती, आणि ते वाचकांना रुचले नाही. आलेल्या पत्रांत नाराजी होती, शंका होत्या, स्वतःचे अनुभव होते आणि एक दुरुस्तीही होती. या अंकातील सदर त्या पत्रांसाठीच ठेवले आहे.

प्रश्न : आपली टीप मी चौथीच्या वर्गात वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी पाच-सहा मुले घरून उत्तर घेऊन आली, की आजोबांनी सापाला दूध पिताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. आजोबा खोटे बोलतात असे मुलांना कसे सांगू? शिवाय गैरसमज अज्ञानातून येतात असे आपण शिकवतो. पण या आजोबांचे सापांविषयीचे ज्ञान माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. (एक प्राथमिक शिक्षिका, वाळवा तालुका)

उत्तर : आजोबा खोटे बोलत नाहीत, आणि तसे मुलांना सांगूही नये. नागपंचमीच्या आधी गारुडी नागाला कित्येक दिवस टोपलीत पाण्याविना ठेवत असत. तहानेने कासावीस झालेला कोणताही साप समोर आलेल्या वाटीत तोंड घालतो; त्या वाटीत पाणी आहे की दूध, हे त्या वेळी त्याच्या दृष्टीने गौण असते. पाहणाऱ्याला वाटीतले दूध कमी झालेले दिसते आणि तो ‘साप दूध पितो’ असे म्हणतो. पाहिलेली गोष्ट खरी असते, फक्त तिच्यामागची तहान त्याला दिसलेली नसते. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे आणि सापाच्या स्वाभाविक आहारात त्याला स्थान नाही. बळजबरीने पाजलेले दूध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसांत संसर्ग होतो आणि पुष्कळदा असा नाग सणानंतर मरतो. तो मरताना मात्र कोणी पाहत नाही, कारण तोपर्यंत टोपली पुढच्या गावी गेलेली असते.

आपल्या पत्रातील दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लोकप्रिय गैरसमज निव्वळ अज्ञानातून फारसे निर्माण होत नाहीत. ज्याने साप कधी पाहिलाच नाही, तो सापाविषयी दीर्घकाळ टिकणारा गैरसमज तयार करू शकणार नाही. त्यासाठी निरीक्षण लागते. धामण गाईच्या पायांना विळखा घालून सडातले दूध पिते, ही समजूत पाहा. ज्याच्या दारात गोठा नाही, त्याला ती सुचलीच नसती. गोठ्यात पेंड असते, कडबा असतो, म्हणून तेथे उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण येते. ती गाईच्या पायांजवळ वेटोळे करून बसलेली दिसणे अगदी शक्य आहे. त्याच सुमारास गाईचे दूध आटते, सडांना सूज येते, कधी दुधात रक्त उतरते. गावात याला दगडी म्हणतात; तो कासेचा जंतुसंसर्ग आहे. कधी रात्री दावे सुटून वासरूच सगळे दूध पिऊन टाकते. पहाटे मालकाला कास रिकामी दिसते आणि आदल्या संध्याकाळी पाहिलेली धामण आठवते. दोन्ही निरीक्षणे चोख असतात, मधला सांधा तेवढा चुकतो. वास्तविक चोखण्यासाठी मऊ ओठ आणि गाल लागतात. धामणीला ते नसतात, आणि तिचे दात सुईसारखे, आत वळलेले असतात. सडाला ते लागले तर गाय गोठा डोक्यावर घेईल.

अशा समजुतींमधले सत्य काही वेळा इतके मोठे असते, की त्यांना गैरसमज म्हणताना मला संकोच वाटतो. राजस्थानच्या वाळवंटी भागात ‘पिवणा’ नावाचा साप प्रसिद्ध आहे. तो चावत नाही; रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पिऊन टाकतो आणि सकाळी माणूस मेलेला आढळतो, असे तेथील लोक सांगतात. हा साप म्हणजे मण्यारीच्या कुळातला साप आहे. मण्यार रात्री हिंडते, भक्ष्याच्या शोधात घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्यांना चावते. तिचे दात लहान असतात, दंशाच्या जागी सूज जवळजवळ येत नाही, वेदना इतकी थोडी होते की पुष्कळदा झोपही मोडत नाही, आणि विषाचा परिणाम मज्जासंस्थेवर होऊन शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. रात्रीची वेळ, झोपलेला माणूस, अंगावर खूण नाही आणि मृत्यू श्वास थांबून झालेला, हे सगळे लोकांनी अचूक टिपले आहे. विष शरीरात कोठून गेले हे दिसले नाही, म्हणून ती रिकामी जागा कल्पनेने भरली गेली. या समजुतीचा दुष्परिणाम एवढाच की ती मानणारा माणूस दंशाची खूण शोधत नाही, आणि पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तरी ते सर्पदंशाचे लक्षण आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही.

तेव्हा मुलांना आपण असे विचारावे, की आजोबांना नेमके काय दिसले आणि त्यावरून त्यांनी काय ताडले. हे दोन भाग निराळे करणे चौथीच्या मुलांना सहज जमते. आजोबांचाही अपमान होत नाही.

प्रश्न : माझ्या काकांना १९८० च्या सुमारास शेतात पान लागले होते. आमच्या भागातील एका देवर्षीने रात्रभर मंत्र म्हणून विष उतरवले आणि काका पुढे तीस वर्षे जगले. आपण लोक एका फटक्यात हे सारे खोटे ठरवता. माझ्या घरातला अनुभव मी खोटा कसा मानू? (एक निवृत्त कर्मचारी, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : अनुभव खोटा मानण्याची गरज नाही. काका जगले हे खरे आहे. ते कशामुळे जगले, एवढाच प्रश्न उरतो.

भारतात सापांच्या सुमारे ३०० जाती आहेत. त्यांतल्या सुमारे ६० विषारी आहेत आणि माणसाच्या जिवावर उठणारे बहुतेक दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे असतात. म्हणजे अंधारात, गवतात, घाबरलेल्या अवस्थेत ‘काहीतरी चावले’ म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण बिनविषारी सापाने चावलेले असतात. त्याखेरीज विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. स्वतःला वाचवण्यासाठी मारलेला दंश कित्येकदा कोरडा असतो. वैद्यकाची भाषाही त्याला कोरडा दंश असेच म्हणते. या दोन्ही प्रकारचे रुग्ण मंत्र म्हटला तरी जगतात, पाळणागीत म्हटले तरी जगतात. ज्यांच्या अंगात खरोखर विष भिनले आहे, त्यांच्यासाठी देवर्षीकडे तयार उत्तरे असतात : आणायला उशीर झाला, वाटेत कोणाची सावली पडली, घरात सोयर होते, साप ‘राखणदार’ होता. एकदा ही व्यवस्था लागली की जगलेला प्रत्येक जण मंत्राच्या बाजूने साक्ष देतो आणि मेलेला कोणीही विरुद्ध साक्ष देऊ शकत नाही. आपल्या पत्राविषयी अनादर न ठेवता सांगतो, काका दगावले असते तर हे पत्र आपण लिहिले नसते.

गैरसमजांचे हे लक्षण मला सर्वांत घातक वाटते. ते अनुभवाच्या विरुद्ध उभे राहत नाहीत, अनुभवालाच आपल्या बाजूला ओढून घेतात. यश आले तर श्रेय मंत्राचे, अपयश आले तर दोष रुग्णाचा किंवा वेळेचा. जी गोष्ट कशानेही चुकीची ठरू शकत नाही, तिला लोक भक्कम समजतात. खरे तर तिची परीक्षा कधी झालेलीच नसते.

देवर्षीपाशी एक चाचणीही असते : कडुलिंबाचा पाला किंवा मिरची खायला देतात, पाला कडू लागला नाही, मिरची तिखट लागली नाही तर विष चढले असे समजतात. दातखीळ बसेपर्यंत घाबरलेल्या माणसाला कशाची चव लागणार? याउलट घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर रुग्णालयात रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग तिरपी करून पाहतात. रक्त गोठले नसेल तर विष भिनले आहे असे ठरते. यंत्र नाही, खर्च नाही. तालुक्याच्या गावी सहज होणारी ही तपासणी आहे. तिच्यात नळी ‘नाही’ असेही सांगू शकते, आणि देवर्षीच्या चाचणीहून ती वेगळी ठरते ती याच कारणाने.

आपल्याकडचे आकडे लहान नाहीत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा संशोधकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उष्ण कटिबंधातील दुर्लक्षित आजारांत केला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तर साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हे स्वतंत्र कलमच आहे. आपल्या घरी पुन्हा कोणाला पान लागले, तर आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. चावलेला भाग न हलवता माणसाला थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

प्रश्न : माझ्या आईच्या कमरेला नागीण उठली आहे. शेजारी म्हणतात की तिचे तोंड आणि शेपूट जुळले तर माणूस वाचत नाही, म्हणून आधी मंत्र घालून ती ‘अडवा’. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, पण आई फार घाबरली आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आईंना आधी हे सांगा, की तोंड आणि शेपूट जुळत नाही. कांजिण्या होऊन गेल्यावर त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळांशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा उसळतो. मणक्यातून निघालेला मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरतो, त्यामुळे फोडांचा पट्टाही पाठीच्या मध्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत येऊन थांबतो. वेढा पूर्ण होत नाही.

आता या समजुतीची रचना पाहा. जे संकट जवळजवळ कधीच येत नाही, ते अडवणारा मांत्रिक जवळजवळ कधीच अपयशी ठरत नाही. फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप वाळतात, तेही श्रेय त्याच्याच खात्यावर जमा होते. आणि क्वचित एखाद्याच्या दोन्ही बाजूंना किंवा सर्वांगावर नागीण पसरलीच, तर त्याची प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली असण्याचा संभव मोठा असतो; असा रुग्ण दगावला की मूळ भीती खरी ठरल्यासारखी वाटते. सापांच्या यादीत हा आजार केवळ नावामुळे आला. वेटोळ्यासारखा पट्टा, आगीसारखी जळजळ, म्हणून कोणीतरी त्याला नागीण म्हटले, आणि एकदा नागीण म्हटल्यावर तोंड आले, शेपूट आले, विळखा आला. उपमा लोकांनी शब्दशः घेतली. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा गुण सर्वांत चांगला येतो; आईंना त्या मिळाल्या आहेत, तेव्हा त्या नेमाने पूर्ण होऊ द्या. डोळ्याच्या आसपास फोड उठले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आपल्या सदरात पुराणकथा, कहाण्या आणि गैरसमज एकाच दावणीला बांधले जातात, याबद्दल माझी तक्रार आहे. आम्ही तीन पिढ्या गुजरातेत राहतो. नागपंचमीची कहाणी ही आमच्या घरातल्या मराठीची शेवटची खूण आहे. तिलाही आपण खोटे ठरवणार का? (एक वाचक, बडोदा)

उत्तर : तक्रार रास्त आहे. हा घोटाळा काही अंशी भाषेमुळे होतो. अलीकडे ‘मिथक’ हा शब्द एकीकडे देवदेवतांच्या आदिकथांसाठी आणि दुसरीकडे ‘थंडीत केळे खाल्ल्याने सर्दी होते’ यासारख्या विधानांसाठी सर्रास वापरला जातो. या दोन वस्तूंची जातच वेगळी आहे. केळ्याचे विधान तपासता येते आणि तपासून फेटाळता येते. कहाणी कशाविषयी तरी असते, पण ती त्या गोष्टीची माहिती देत नाही.

नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्ले मरतात. ती सूडाने त्याच्या कुटुंबाला डसते आणि अखेर सासरी असलेल्या मुलीकडे जाते. मुलीने पाटावर चंदनाने नाग काढून पुढे दूध-लाह्या ठेवलेल्या असतात. ते पाहून नागीण शांत होते आणि माहेरची माणसे पुन्हा जिवंत होतात. त्या दिवशी नांगरू नये, चिरू नये हा नेम यातूनच येतो. ज्या महिन्यात बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडतात, त्या महिन्यात शेतकऱ्याने नकळत केलेल्या हत्येबद्दल ही कहाणी हळहळते, आणि माझ्या मते तिचे मोल प्राणिशास्त्राच्या कसोटीवर ठरत नाही. लक्षात घ्या, कहाणीतली मुलगी चित्राची पूजा करते. बिळातला नाग ओढून काढून त्याच्या तोंडात दूध ओतावे, असे कहाणी कोठेही सांगत नाही. गडबड होते ती नंतर, जेव्हा कोणी कहाणीतील नागिणीचा सूड उचलून परसातल्या नागावर डकवतो आणि ‘एक मारला तर जोडीदार डूख धरतो’ असा नियम काढतो.

त्या नियमालाही एक आधार आहे, हे मागच्या टिपेत लिहायला हवे होते. समागमाच्या काळात मादीच्या गंधाच्या मागावर एकाहून अधिक नर येतात, आणि मारलेल्या सापाच्या गुदग्रंथींतून उग्र गंध बाहेर पडतो. शिवाय उंदीर आणि अडगळ तशीच राहिली तर त्या जागी दुसरा साप येणारच. लोकांनी दुसरा साप खरोखर पाहिलेला असतो. मारणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवून त्याला हुडकण्याएवढी स्मृती सापाच्या मेंदूत नसते. ती आपल्या मनात असते, आणि आपण ती त्याला देऊन टाकतो. पुढे भाषा ती जपते. आपण एखाद्या माणसाविषयीही ‘त्याने डूख धरला आहे’ असे म्हणतो, कृतघ्नाला मदत केल्यास ‘सापाला दूध पाजले’ म्हणतो, दोन्हीकडे बोलणाऱ्याला ‘दुतोंडी मांडूळ’ म्हणतो. ज्या समजुतीचा वाक्प्रचार झाला, ती सकाळ-संध्याकाळ नकळत उजळली जाते. शाळेतला एक तास तिला पुरा पडत नाही.

प्रश्न : मांडूळ खरोखर दोन तोंडांचे असते का? सहा महिने एका तोंडाने चालते आणि सहा महिने दुसऱ्या, असे ऐकले आहे. (इयत्ता नववीतील एक विद्यार्थी, अहिल्यानगर)

उत्तर : नाही. त्याची शेपटी बोथट आणि डोक्याएवढीच जाड असते. संकट आले की ते डोके वेटोळ्याखाली लपवून शेपटी पुढे करते, आणि शत्रू चुकीच्या टोकावर हल्ला करतो. हजारो वर्षे घारी-मुंगसांना फसवणारी ही युक्ती माणसालाही फसवते, यात मांडुळाचा दोष नाही. गुप्तधन दाखवणारे आणि दुर्धर रोग बरे करणारे म्हणून त्याची लाखो रुपयांना तस्करी होते, ती फसवणूक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हाही आहे.

प्रश्न : माझ्या नात्यातील एका बाळाचा ओठ जन्मतः फाटलेला आहे. सुनेने ग्रहणात भाजी चिरली होती असे सासूबाईंचे म्हणणे आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : वर्षभरात सूर्य आणि चंद्र यांची मिळून किमान चार ग्रहणे होतात, काही वर्षी सातपर्यंत. नऊ महिन्यांच्या कोणत्याही गरोदरपणात कोठेतरी एखादे ग्रहण सापडणारच, आणि घरातल्या सुनेने त्या दिवशी विळीला किंवा सुईला हातच लावला नाही, असे होणे कठीण. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू फाटलेली असते. मग मागे जाऊन कारण शोधले जाते आणि ते हमखास सापडते. उरलेल्या ९९९ घरांत त्या दिवशी भाजी चिरली होती का, हे कोणी विचारत नाही. ही शस्त्रक्रिया आता अगदी लहान वयात चांगली होते. सुनेवरचा ठपका तेवढा आज काढून टाका.

प्रश्न : आपली सगळी उदाहरणे खेड्यातली आणि म्हाताऱ्यांची आहेत. शिकलेल्यांचे काय? आमच्या कार्यालयातील सहकारी रोज असे काही पाठवतात की थक्क व्हावे. (एक अभियंता, पुणे)

उत्तर : टोला मान्य आहे. खरे म्हणजे गोठ्यातल्या गैरसमजामागे निदान एक धामण तरी असते. आपल्या सहकाऱ्यांच्या संदेशामागे पुष्कळदा तेवढेही नसते. चंद्रावरून चीनची भिंत दिसते, हे विधान घ्या. ते अंतराळयुगात जन्मले असे वाटते, पण विल्यम स्टुकली या इंग्रज गृहस्थाने १७५४ मध्येच तशी कल्पना एका पत्रात लिहून ठेवली होती. चंद्रावर माणूस पोहोचला १९६९ मध्ये. म्हणजे तपासण्याची सोय होण्यापूर्वी दोनशे वर्षे हे ‘सत्य’ तयार होते. ३,८४,००० किलोमीटरवरून काही मीटर रुंदीची भिंत पाहणे म्हणजे डोक्यावरचा एक केस काही किलोमीटर अंतरावरून पाहण्यासारखे आहे. २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीच्या कक्षेत फिरून आला आणि भिंत आपल्याला दिसली नाही, असे त्याने सांगितले. तरी विधान चालूच आहे, कारण ते कोणाला खोटे ठरवायचे नसते. त्यात माणसाच्या कर्तृत्वाचा अभिमान आहे. युनेस्कोने ‘जन गण मन’ हे जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, हा निरोपही याच जातीचा. युनेस्कोने असे काही जाहीर केलेले नाही, पण तसे म्हणणारा माणूस देशाच्या आनंदावर विरजण घालणारा ठरतो, आणि ते पद कोणाला नको असते.

शिकलेल्यांच्या गैरसमजांत ‘गावातला एक माणूस’ नसतो, त्याच्या जागी ‘नासाचे शास्त्रज्ञ’ असतात. दोघांचे काम एकच : साक्षीदार असा हवा की त्याच्यावर विश्वास बसावा, पण त्याला गाठून उलट विचारता येऊ नये. माझ्या लहानपणी तो चुलत्याच्या मित्राचा मेहुणा असे. आकडाही नेमका असतो, कारण ‘बरेच’ या शब्दापेक्षा ‘७३ टक्के’ ऐकायला अभ्यासलेले वाटतात. बाकी काम पुनरुक्ती करते. १९७७ मध्ये अमेरिकेतील तीन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने काही विधाने वाचायला दिली आणि प्रत्येक विधान कितपत खरे वाटते ते विचारले. काही विधाने दर वेळी पुन्हा येत होती. तीच हळूहळू अधिक खरी वाटू लागली, मग ती खरी असोत वा खोटी. आपल्या कार्यालयात हा प्रयोग दररोज सकाळी साडेनऊला होत असावा.

प्रश्न : श्रावण अंकात ‘साप ठार बहिरा असतो’ असे आपण छापले आहे. हे बरोबर नाही. सापाला बाह्यकर्ण नसतो, पण अंतःकर्ण असतो. गैरसमज दूर करणाऱ्या सदरात असा मजकूर यावा याचे आश्चर्य वाटले. (एक प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, नागपूर)

उत्तर : चूक माझी आहे आणि आपली दुरुस्ती पूर्णपणे बरोबर आहे. सापाला कानाचे छिद्र आणि कर्णपटल नसते. अंतःकर्ण असतो आणि तो एका लहान हाडाने जबड्याशी जोडलेला असतो. जमिनीची कंपने त्याला जबड्यातून कळतात, एवढे जुन्या पुस्तकांतही असे. २०१२ मध्ये अजगराच्या एका आफ्रिकी जातीवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की हवेतून येणाऱ्या आवाजाने सापाची कवटीच किंचित कंप पावते आणि तो कंप अंतःकर्ण टिपतो. हे ऐकणे ८० ते १६० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खर्जातल्या आवाजांना, सर्वांत तीव्र असते. पुंगीचा स्वर त्याहून बराच उंच. नाग डोलतो तो पुंगीच्या आणि गारुड्याच्या गुडघ्याच्या हालचालीवर नजर ठेवून, हे विधान कायम राहते. ‘ठार बहिरा’ हे शब्द मात्र मागे घेतो.

ते शब्द आले कोठून, हे शोधून पाहिले. कोणत्याही ग्रंथातून ते घेतलेले नव्हते. तीस वर्षांपूर्वी शाळाशाळांतून सर्पविज्ञानाची व्याख्याने देताना मी ते वाक्य वापरत असे. पुंगीचा गैरसमज मोडायला ते सोयीचे होते, टाळी घेत असे, आणि मी स्वतः ते आधीच्या एका वक्त्याकडून ऐकले होते. पालकाची गोष्ट अशीच आहे. दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकातले लोह दहापट छापले गेले आणि पुढे कार्टूनमधला पॉपाय पालक खाऊ लागला, ही ‘दुरुस्ती’ १९८१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली आणि मी ती याच सदरात मोठ्या ऐटीत सांगितली होती. पुढे मूळ कागद तपासले गेले तेव्हा त्या दशांशचिन्हाला काही पुरावा सापडला नाही. पॉपायने तर १९३२ मध्ये पालक खाण्याचे कारण म्हणून अ जीवनसत्त्वाचे नाव घेतले होते. पालकात १०० ग्रॅममागे पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते आणि त्यातले थोडेच अंगी लागते, एवढेच सांगायला हवे होते. पण दशांशचिन्हाची गोष्ट ऐकायला जास्त चांगली होती.

नागपूरच्या प्राध्यापिकांचे मूळ पत्र आणि त्यांनी पाठवलेली सापाच्या कवटीची आकृती पुढील अंकात छापत आहोत. वाळव्याच्या बाईंनी आपल्या वर्गात मागील टीप वाचून दाखवली असल्यामुळे त्यांना ही दुरुस्ती टपालाने वेगळी कळवली आहे.